बोलायचा अर्ज

आपल्याकडे वक्त्याला बोलवायची पद्धत आहे. पुण्याची वसंत व्याख्यानमाला न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली सुरू केली, आणि त्यानंतर वाचनालयांत, गणेशोत्सवांत, गावोगावच्या सभागृहांत जितक्या म्हणून व्याख्यानमाला निघाल्या त्या सगळ्यांची रीत साधारण एकच. मंडळाचे लोक वक्त्याच्या घरी जातात, चहा होतो, वक्ता आधी "यंदा जमेलसं वाटत नाही हो" म्हणतो आणि मग हळूच डायरी उघडतो. शेवटी शाल-श्रीफळ. स्वतःहून उठून "मला तुमच्याकडे बोलायचंय, मला घ्या" असं म्हणणारा माणूस आपल्याला जरा आगाऊच वाटतो.

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांच्या परिषदांमध्ये मात्र नेमकं हेच करावं लागतं. तिथे बोलायला अर्ज करावा लागतो.

घरची मंडळी हे वाचतात म्हणून थोडं सांगतो. (तांत्रिक वाचकांनी हा परिच्छेद ओलांडून पुढे जावं.) २००९ च्या सप्टेंबरमध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत पहिली 'पायकॉन इंडिया' भरली. पायथन ही संगणकाची भाषा वापरणाऱ्यांनी, वापरणाऱ्यांसाठीच भरवलेली परिषद. कंपन्या पैसे देतात, आपले फलक लावतात, पण खुर्च्या मांडणारे आणि रात्री सभागृह आवरणारे हात स्वयंसेवकांचे असतात. पुण्यातही सिम्बायोसिसमध्ये 'ग्नूनिफाय' अनेक वर्षं भरली, फेब्रुवारी २०१७ मध्ये 'पायकॉन पुणे' झाली. अशा परिषदांचे आयोजक काही महिने आधी आवाहन करतात, की ज्यांना बोलायचंय त्यांनी अमुक तारखेपर्यंत प्रस्ताव पाठवावा. प्रस्तावात शीर्षक, सारांश, मुद्द्यांचा आराखडा, भाषण कुणासाठी आहे, त्यांना आधी काय येत असायला हवं आणि बोलणाऱ्याविषयी चार ओळी, एवढं असतं. काही स्वयंसेवक आपापल्या नोकऱ्या सांभाळून, रात्री जेवणं झाल्यावर, ते वाचतात आणि निवड करतात. मानधन बहुधा नसतंच. पण कुठल्या तरी लहान गावातल्या कॉलेजात शिकणारा मुलगा आणि मोठ्या कंपनीतला वीस वर्षं अनुभवाचा माणूस, दोघांनी भरायचा फॉर्म तोच असतो. मला ही फार मोठी गोष्ट वाटते.

अशाच एका शहरी परिषदेसाठी काही वर्षं मी प्रस्ताव वाचणाऱ्यांच्या बाजूला बसतो आहे. त्यातून माझं जे मत झालं ते आज मांडतो. मत साधंच आहे. प्रस्ताव लिहिताना लोक स्वतःकडे बघत बसतात आणि तिथेच तो बिघडतो. त्यात दिसायला हवा तो ऐकणारा.

एका रात्रीत तीस-चाळीस प्रस्ताव वाचायचे म्हटलं की काय होतं ते बघा. पहिला प्रकार म्हणजे 'ओळख'. अमुक लायब्ररीची ओळख, तमुक साधनाची ओळख. यात चूक काही नाही, पण ती ओळख त्या लायब्ररीच्या डॉक्युमेंटेशनमध्ये जास्त नीट, जास्त सावकाश आणि फुकट करून दिलेली असते. दोनशे माणसांनी प्रवास करून, सुट्टी घालवून तीच ऐकायला का यावं? दुसरा प्रकार विक्रीचा. शीर्षकात तत्त्वज्ञान असतं, पण तिसऱ्या ओळीपाशी लक्षात येतं की सगळे रस्ते अर्जदाराच्या कंपनीच्या दुकानाशी येऊन थांबतायत. तिसरा प्रकार बायोडेटाचा. पदव्या, पदं, प्रमाणपत्रं, आणि काय बोलणार त्याविषयी दीड वाक्य. चौथा प्रकार मला सगळ्यात गमतीचा वाटतो. हे लोक रहस्यकथा लिहितात. "आमची यंत्रणा दहापट वेगवान कशी झाली? ऐका प्रत्यक्ष भाषणात!" अहो, श्रोत्यांपासून लपवा हवं तर, पण निवड करणाऱ्यांपासून कशाला लपवता? खुनी कोण ते आम्हाला कळल्याशिवाय नाटक लावायचं की नाही हे आम्ही कसं ठरवणार? :-)

आणि हल्ली एक पाचवा प्रकार आलाय. यंत्राकडून लिहून घेतलेला. इंग्रजी गुळगुळीत, मुद्दे तीन-तीनच्या जोड्यांनी, आणि वाचून संपलं की हाताला काहीच लागत नाही. दहा प्रस्ताव एकाच माणसाने पाठवलेत की काय असं वाटतं. यंत्राची मदत घेऊच नये असं माझं म्हणणं नाही; व्याकरण तपासून घ्यायला काहीच हरकत नाही. पण तुम्ही कुठे अडलात, काय करून पाहिलंत, कशाने फसलात, हे यंत्राला ठाऊक नसतं. प्रस्तावात वाचण्यासारखं तेवढंच तर असतं.

आता एक उदाहरण घेतो, कारण नुसते दोष काढणं सोपं आहे.

माझ्या ओळखीची एक मुलगी एका छोट्या कंपनीत काम करते. मराठी नावापत्त्यांच्या याद्या, त्यात शोध, दुबार नोंदी काढून टाकणं, अशा स्वरूपाचं काम. तिने एका परिषदेला पाठवायचा मसुदा मला दाखवला. शीर्षक होतं, 'पायथन आणि भारतीय भाषा: आव्हानं आणि संधी'. खाली भारतात किती भाषा आहेत, डिजिटल युगात त्यांचं महत्त्व काय, वगैरे. मी तिला म्हटलं, हे राहू दे बाजूला. तुला यावर बोलावंसं का वाटलं ते सांग.

मग तिने जे सांगितलं ते ऐकण्यासारखं होतं. त्यांच्या यादीत 'कऱ्हाड' शोधलं की काही माणसं सापडत आणि काही सापडत नसत. पडद्यावर शब्द अगदी एकसारखा. डोळे फोडून पाहिलं तरी फरक नाही. पायथनला दोन्हींची लांबी विचारली तर एकाची ६ आणि दुसऱ्याची ७! कारण त्यातला तो अर्धा, आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एका तऱ्हेत खाली टिंब असलेला ऱ आणि पुढे हलन्त. दुसऱ्या तऱ्हेत साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह. कोणता कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरतं. माणसाच्या लेखी कऱ्हाड एकच, यंत्राच्या लेखी दोन गावं. अशा भानगडी मिटवण्यासाठी युनिकोडचं प्रमाणीकरण असतं. ते पायथनमध्ये हाताशीच आहे, पण ते या दोन तऱ्हांना एक करत नाही.

मग तिच्या टीममधल्या कुणीतरी सुचवलं की ते न दिसणारं चिन्ह सरसकट काढूनच टाकू. काढलं. आणि अर्ध्या र चा रफार झाला. म्हणजे कसं, तर 'आचाऱ्यास' असं लिहिलेलं 'आचार्यास' झालं. स्वयंपाक करणारा एका क्षणात गुरुपदी जाऊन बसला! 'दऱ्या' होत्या त्यांचा 'दर्या' झाला. डोंगर उतरून थेट समुद्रातच. शेवटी आधी एका तऱ्हेचं दुसरीत रूपांतर करायचं आणि मगच उरलेली अदृश्य चिन्हं झाडायची, असा क्रम लावला तेव्हा कुठे याद्या जुळल्या.

मी म्हटलं, अगं, हेच लिही की! त्यावर ती म्हणाली, "पण हे एवढंसं आहे. यात काय सांगायचं?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मला त्याचाच राग येतो. 'एवढंसं' म्हणजे काय? तिने त्यावर कामाचे कित्येक दिवस घातले होते. देवनागरीत याद्या सांभाळणाऱ्या कुणालाही, मग ते बँकेत असो, पतपेढीत असो की मतदार यादीत, हाच दगड लागणार आहे. तिने पंचवीस मिनिटांत सांगितलं तर त्यांचे ते दिवस वाचतील. भाषणाचा उपयोग याहून वेगळा काय असतो? उलट 'भारतीय भाषा: आव्हानं आणि संधी' ऐकून घरी गेलेला माणूस सोमवारी सकाळी ऑफिसात जाऊन वेगळं असं काय करणार आहे? काहीच नाही. विषय जितका मोठा, तितका श्रोता रिकाम्या हाताने परततो, असं माझं निरीक्षण आहे.

तर तिने पुन्हा लिहिलं. शीर्षकात थेट कऱ्हाड आणलं: 'कऱ्हाड शोधलं, सापडलं नाही'. सारांशात पहिल्या दोन वाक्यांत अडचण, तिसऱ्यात तिचं कारण, चौथ्यात श्रोता काय घेऊन जाईल ते. उपायही लपवला नाही. खाली आराखडा मिनिटांसकट: पहिली ५ मिनिटं प्रत्यक्ष दाखवून, एकच शब्द आणि दोन लांब्या. पुढची १० मिनिटं युनिकोड देवनागरी कशी साठवतं ते. त्यानंतर ८ मिनिटं, करून पाहिलेले तीन उपाय आणि प्रत्येक कुठे तोंडघशी पडतो ते. ४ मिनिटं शेवटी वापरलेला क्रम आणि त्याच्या मर्यादा. ३ मिनिटं प्रश्न. 'कुणासाठी' या रकान्यात तिने लिहिलं: ज्यांना पायथनमध्ये स्ट्रिंग म्हणजे काय ते माहीत आहे; युनिकोड माहीत असायची गरज नाही; भाषाशास्त्राची अपेक्षा ठेवून येऊ नये.

हे शेवटचं वाक्य मला फार आवडलं. कुणी येऊ नये हे ज्याला सांगता येतं त्याच्या डोळ्यांसमोर ऐकणारा माणूस नक्की उभा असतो. 'सर्वांसाठी उपयुक्त' असं लिहिणाऱ्याच्या समोर कुणीच नसतं.

मिनिटांच्या हिशेबाचंही तसंच. तो परीक्षकांना खूश करायला मांडायचा नसतो. लिहायला बसलं की आपलं आपल्यालाच कळतं की अर्ध्या तासात पाच मुद्दे बसत नाहीत, दोनच बसतात. कोणते तीन सोडायचे ते तिथे ठरतं. लग्नाच्या याद्या करताना जशी खरी माणसं तिथेच कळतात, तसं काहीसं.

बोलणाऱ्याविषयीच्या चार ओळींबद्दल लोक फार घाबरतात. तिथे मोठेपणा सांगायचा नाही. या विषयावर तुम्ही का बोलू शकता ते सांगायचं. "गेलं वर्षभर मी या याद्या सांभाळते" हे वाक्य पुरेसं आहे. आधी कुठे बोलला असाल तर लिहा, नसाल तर तसं लिहा. काही परिषदांत तर पहिल्या फेरीत वाचणाऱ्यांना नावच दाखवत नाहीत. बर्लिनच्या 'जेएसकॉन्फ ईयू'ने २०१२ मध्ये असंच केलं होतं. नाव झाकलं की उरतो तो मजकूर.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. प्रस्ताव लिहायचा इंग्रजीत. मग यात इंग्रजी माध्यमाच्या, चटपटीत लिहिणाऱ्या मुलांचंच फावत नाही का? फावतं. नाही म्हणण्यात अर्थ नाही. मराठी माध्यमातून आलेल्या कितीतरी चांगल्या कारागिरांचं पाऊल त्या फॉर्मपाशीच अडतं. पण वाचणाऱ्यांच्या बाजूने मी एवढं सांगू शकतो की मोडक्या इंग्रजीतला खरा तपशील आणि सफाईदार इंग्रजीतली पोकळी यांत निवड करताना आमच्या समितीला कधी वेळ लागला नाही. छोटी वाक्यं लिहा. कर्ता, कर्म, क्रियापद. व्याकरणाची चूक एका मिनिटात सुधारता येते, विषय नसेल तर तो कुठून आणणार? आणि परीक्षकांनीही लक्षात ठेवावं की आपण निबंधस्पर्धा तपासत नाही आहोत.

आता न निवडल्या गेलेल्यांविषयी. त्या मुलीचा तो प्रस्ताव पहिल्या ठिकाणी निवडला गेला नाही. मला तो उत्तम वाटला होता, तरीही नाही. आपल्याकडे नकार म्हणजे नापास असं लहानपणापासून डोक्यात बसलेलं असतं. पण परिषदेचा कार्यक्रम म्हणजे जेवणाचं ताट आहे. दोन उत्तम आमट्या असल्या तरी ताटात एकच वाढतात. दुसरी वाईट म्हणून नव्हे. त्याच विषयावर आणखी दोन प्रस्ताव आले असतील, किंवा त्या वर्षी नवशिक्यांसाठी भाषणं कमी पडत असतील. कारण विचारावं, मिळालं तर ऐकावं आणि तोच प्रस्ताव सुधारून दुसरीकडे पाठवावा. तिने तेच भाषण शहरातल्या एका गटाच्या मासिक बैठकीत वीस-पंचवीस जणांसमोर केलं. तिथे एकाने विचारलेल्या प्रश्नामुळे तिला आणखी एक तऱ्हा सापडली, ऱ च्या ऐवजी र आणि खाली वेगळा नुक्ता. (ही भानगड मात्र ते प्रमाणीकरण मिटवतं.) पुढच्या वर्षीचा प्रस्ताव त्यामुळे पहिल्यापेक्षा पक्का झाला, आणि तो घेतला गेला.

शक्य असेल तिथे शेवटच्या रात्रीची वाट बघू नये हेही त्यातलंच. पायकॉन इंडियाचे प्रस्ताव बरीच वर्षं सगळ्यांना वाचता येतील असे खुले असत आणि लोक त्यावर सूचना करत. मुदतीच्या शेवटच्या तासाला आलेल्या प्रस्तावाला त्या सूचनांचा काय फायदा? अर्थात आपली जात 'उद्या बघू'वाल्यांची, त्यामुळे हा सल्ला किती जण मानतील याची मला कल्पना आहे.

पण मला खरी काळजी नाकारलेल्यांची नाही, ज्यांनी पाठवलंच नाही त्यांची आहे. परीक्षकासमोर ते कधी येतच नाहीत, त्यामुळे ते दिसतही नाहीत. अमेरिकेतल्या पायकॉनचे आकडे यावर बोलके आहेत. तिथे भाषणांपैकी बायकांनी दिलेली भाषणं २०११ मध्ये १ टक्का होती. २०१२ मध्ये ७, २०१३ मध्ये १५, २०१४ आणि २०१५ मध्ये ३३, आणि २०१६ मध्ये ४० टक्के. पाच वर्षांत एवढा फरक पडला तो तिथल्या बायका अचानक हुशार झाल्या म्हणून नव्हे. जेसिका मॅकेलर आणि त्यांच्यासारख्या संयोजकांनी एकेकीला गाठून सांगितलं, की तुझ्याकडे विषय आहे, तू पाठव. कुणीतरी विचारायला लागतं, एवढाच त्याचा अर्थ.

म्हणजे फिरून आपली जुनी पद्धतही अगदीच टाकाऊ नव्हती म्हणायची. घरी जाऊन, चहा पिऊन आग्रह करण्यात शहाणपण होतंच. फक्त तो आग्रह आधीच नावाजलेल्यांच्या घरी व्हायचा. तो आता त्या 'एवढंसं' म्हणणाऱ्यांच्या टेबलापाशी व्हायला हवा. अर्ज सगळ्यांना खुला आहे असं जाहीर करून आयोजकांची जबाबदारी संपत नाही. आणि टीममधल्या ज्येष्ठांनी दरवर्षी स्वतः अर्ज करण्याऐवजी एखाद्या वर्षी धाकट्याला बसवून त्याचा अर्ज वाचावा. वक्ते तयार होतात ते असेच.

असो. लांबलं खरं. तुमच्यापैकी जे कोड लिहितात त्यांनी एकच करावं. गेल्या वर्षभरात कुठल्या अडचणीने आपले तीन दिवस खाल्ले ते आठवावं, आणि ज्याचे तीन दिवस उद्या जाणार आहेत अशा एका ओळखीच्या माणसाला उद्देशून दहा ओळी लिहाव्यात. मराठीत लिहिल्या तरी चालतील, नंतर इंग्रजी करता येतं. मग त्या दोन दिवस ठेवून पुन्हा वाचाव्यात आणि पाठवून द्याव्यात. आगाऊपणा वाटला तर वाटू दे.

ता.क. - घरच्या मंडळींसाठी: आपल्या नात्यागोत्यात आडनावात किंवा गावाच्या नावात हा आडवा र असलेले बरेच जण आहेत. बँकेत, विम्यात, रेशनकार्डावर "तुमचं नाव सापडत नाही" असं कुणी म्हणालं तर लगेच भांडू नका. आधी त्यांना ते नाव दुसऱ्या कीबोर्डने टाईप करून बघायला सांगा. :-)